दीड जीबी

मानोऱ्याच्या प्रशिक्षणात एक कागद वाटला होता.
वर ठळक अक्षरांत, 'शिक्षकांसाठी उपयुक्त, मोफत'.
खाली त्रेचाळीस पत्ते, झेरॉक्सची झेरॉक्स,
सतराव्यानंतर शाई जवळजवळ गेलेली.
चहाचा गोल डाग मात्र माझा.

नेटवर्क मिळतं पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, पाचव्या पायरीला.
सहाव्या पायरीला ते का जातं, कुणालाच सांगता येत नाही.
पहाटे साडेपाचला मी तिथं बसते.
नळ सोडायला आलेले उकंडाभाऊ विचारतात,
"मॅडम, आज काय भरून राहिल्या?"
त्रिकोण, म्हणते मी.
दिवसाचे दीड जीबी, माझ्याच रिचार्जचे.
थोडे खिचडीच्या फोटोला, वर पाठवावा लागतो,
थोडे कारंज्याच्या बहिणीला,
उरतील ते सहावी-सातवीला.

नवव्या पत्त्यावर त्रिकोण होता,
त्याचा कोपरा बोटानं ओढता येत होता.
खुशालीनं ओढला. एक कोन फुगला, दोन वाळले.
खाली बेरीज तीच, एकशे ऐंशी.
दुसरीकडून ओढला. एकशे ऐंशी.
अख्खा वर्ग, म्हणजे अकरा जण, एका मोबाइलवर वाकलेला,
तेव्हा मागून त्रिशरण म्हणाला,
"हे तं आमच्या धुऱ्यावानी हाये.
काकाचं वाढलं का बाबाचं घटते.
वावर तेवढंच."

पंधरा वर्षं मी हा धडा शिकवते आहे.
फळ्यावर धुरा एकदाही काढला नव्हता.

"फुकट हाये तं पैसे कोन देते?" खुशालीनं विचारलं.
कुणीतरी करून ठेवलंय, म्हटलं, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी.
"पानपोईवानी?"
हो, तसंच.
काही पाणपोयांवर रांजणापेक्षा पाटी मोठी असते,
आणि पेला उचलायच्या आधी
नाव, गाव, जन्मतारीख विचारतात,
ते तिला आज नाही सांगितलं.

एकविसावा पत्ता त्रिशरणनं वाचला, कागद उन्हात धरून.
पक्ष्यांचे आवाज, कुठल्याकुठल्या देशांतल्या माणसांनी टिपलेले.
मी टिटवी लावली.
वर्ग खो खो हसला.
"ही आपली नोहे, मॅडम. ही लय सावकाश बोलते,
जेवून बसल्यावानी."

कंपाउंडच्या भिंतीसाठी आणलेली गिट्टी
तीन वर्षांपासून शाळेमागं पडून आहे.
भिंत आली नाही.
त्या गिट्टीत टिटवीनं चार अंडी घातली आहेत,
गिट्टीच्याच रंगाची, ठिपक्याला ठिपका.
वर्गात हे माहीत नसलेली मी एकटीच.

मोबाइल घेऊन त्रिशरण पुढं गेला,
बाकीचे बाभळीखाली, तोंडावर हात ठेवून.
ती उठली ती थेट त्याच्या डोक्यावर.
चाळीस सेकंद मिळाले,
त्यातले शेवटचे सहा चंद्रभागाबाईंनी वाजवलेल्या ताटाचे.
तेही राहू दिले.

साइटनं विचारलं, हे गाणं, हाक, की धोक्याचा इशारा?
मतदान घेतलं. सात विरुद्ध तीन.
खुशाली म्हणाली, शिव्या.
तो पर्याय दिलेला नव्हता.

आता संध्याकाळ. पाचव्या पायरीवर मी,
चौथीपासून खाली जमिनीपर्यंत अकरा जण,
त्यांच्यामागं उकंडाभाऊ, हातात नळाची चावी.
चकरी फिरते आहे.
चौदा टक्के.
डेटा संपत आल्याचा मेसेज येऊन गेला.
"माह्या मोबाइलात हायेत थोडेसे," उकंडाभाऊ खालून म्हणाले,
आणि पायऱ्या चढू लागले.

शाळेमागं ती अजून ओरडते आहे.

"सोळा," म्हणाली खुशाली.